व्यसनमुक्ती केंद्र: निवडायचं कसं, आणि पैसे नेमके कशाचे द्यायचे

कोकणात घरातल्या माणसाला व्यसनमुक्ती केंद्रात ठेवायचा निर्णय बहुतेक वेळा रात्री होतो. भांडण विकोपाला गेलेलं असतं, नाहीतर माणूस गाडीवरून पडून घरी आलेला असतो. मुंबईच्या भावाला फोन जातो. तो मोबाइलवर शोधून दोन-तीन नंबर पाठवतो आणि सकाळी बायकोच्या पाटल्या पतसंस्थेत गहाण पडतात. जो पहिल्यांदा फोन उचलतो, त्याचं केंद्र नक्की होतं. हा लेख त्या रात्रीच्या आधी कुणीतरी वाचावा म्हणून लिहिला आहे.

सुरुवातीलाच सांगायचं तर, बहुतेक घरं सगळा पैसा चुकीच्या ठिकाणी खर्च करतात. व्यसनाच्या उपचाराचे ढोबळमानाने तीन भाग असतात. पहिला आठवडा-दहा दिवसांचा. त्यात शरीरातली नशा उतरते आणि त्रास होतो, म्हणून तिथे डॉक्टर लागतो. दुसरा काही आठवड्यांचा, त्यात समुपदेशन, गटचर्चा आणि दिनक्रमाची सवय येते. तिसरा भाग घरी परतल्यावर सुरू होतो आणि निदान वर्षभर चालतो. जाहिराती मधल्या भागाच्या असतात: हिरवळ, योगासनं, नव्वद दिवसांचं पॅकेज. जीव वाचतो तो पहिल्या भागात आणि व्यसन सुटतं ते तिसऱ्यात. केंद्र निवडताना त्यांच्या याच दोन कामांकडे बघायचं असतं.

पहिल्या तीन रात्री

रोज भरपूर पिणाऱ्याने दारू एकदम बंद केली, की सहा ते चोवीस तासांत हात थरथरायला लागतात. घाम येतो, मळमळतं, झोप उडते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमाराला काही जणांना भास सुरू होतात. भिंतीवर किडे दिसतात, दाराशी कुणी उभं असल्यासारखं वाटतं, आपण कुठे आहोत हेच कळेनासं होतं, ताप चढतो. याला डॉक्टर डिलिरियम ट्रेमेन्स म्हणतात. उपचार झाला नाही तर यात माणूस दगावू शकतो.

आपल्याकडे हे लक्षात यायला उशीर होतो, कारण अशी रात्र आली की घरात कुणीतरी म्हणतं, “ह्येका भायरचा लागला.” मग भगत येतो, अंगारा लावला जातो, गाऱ्हाणं घातलं जातं. श्रद्धेशी माझं भांडण नाही. गाऱ्हाणं घाला, पण माणसाला आधी गाडीत घालून सरकारी रुग्णालयात न्या. दोन-तीन दिवसांपूर्वी पिणं बंद झालेला माणूस नसलेल्या माणसांशी बोलायला लागला, तर ती तातडीची वैद्यकीय अवस्था आहे. होडीवर दारू संपली म्हणून तिसऱ्या दिवशी समुद्रात बिथरलेल्या खलाशाच्या बाबतीतही हेच घडलेलं असू शकतं.

माळ घालून दारू सोडलेली माणसं गावोगाव आहेत आणि त्यांच्या निश्चयाला तोड नाही. पण सकाळी उठल्याबरोबर ज्याला घोट लागतो, त्याने माळ घालायच्या आधी डॉक्टरला भेटायला हवं. निश्चय कितीही पक्का असला तरी फिट थांबत नाही.

रुग्णालयात या दिवसांत काय होतं? दारूची जागा तात्पुरती घेणाऱ्या शांत करणाऱ्या गोळ्या (बहुधा क्लोरडायझेपॉक्साइड) ठरावीक मात्रेत देऊन रोज कमी करत आणतात. ब-१ जीवनसत्त्व, म्हणजे थायमिन, देतात. हे दुसरं फार महत्त्वाचं आहे. सतत पिणाऱ्याच्या शरीरात थायमिन उरलेलं नसतं, आणि ते न देता नुसतं ग्लुकोजचं सलाईन चढवलं तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते. म्हणून गल्लीतल्या दवाखान्यात “एक सलाईन लावा आणि सोडा” म्हणू नका. त्या डॉक्टरला दारूचं सगळं खरं सांगा: किती, किती वर्षं, शेवटची कधी.

सगळ्यांना भरती व्हावं लागत नाही. पिणं मध्यम असेल, पूर्वी कधी फिट आलेली नसेल, यकृताचा किंवा दुसरा मोठा आजार नसेल आणि घरी लक्ष ठेवणारं माणूस असेल, तर बाह्यरुग्ण विभागात दाखवून, घरी राहून गोळ्यांवर हे दिवस निघतात. भरतीची गरज आहे की नाही, हे मनोविकारतज्ज्ञ ठरवतो. केंद्राचा विक्री करणारा माणूस फोनवर ते ठरवू शकत नाही.

गर्द किंवा अफूच्या जातीतल्या नशेचं वेगळं असतं. अंग मोडून येतं, नाक-डोळे गळतात, जुलाब होतात, पण सहसा जीव जात नाही. तिथे ब्युप्रेनॉर्फिनसारखं औषध दीर्घकाळ देऊन माणसाला स्थिर ठेवतात, आणि हे औषध म्हणजे “एक नशा सोडून दुसरी” असं म्हणणाऱ्यांचं ऐकू नये. एमडीला, म्हणजे मेफेड्रोन या नशेच्या पावडरीला, असं नेमकं औषध नाही. तिथे झोप, खाणं, मनाचे आजार यांचे उपचार आणि चिकाटीचं समुपदेशन यावरच भर असतो. किनाऱ्यावर आता नुसती गावठी आणि गोव्याची बाटली उरलेली नाही, हे २०२३च्या ऑगस्टमध्ये दापोलीच्या किनाऱ्यावर चरसची पाकिटं वाहून आली तेव्हा सगळ्यांनाच दिसलं. म्हणून केंद्राला विचारा, की आमच्या माणसाच्या नशेवर तुमच्याकडे नेमका कोणता उपचार आहे. “सगळ्यांना एकच कोर्स” हे उत्तर आलं तर फोन ठेवा.

आधी सरकारी दार ठोठवा

एम्सच्या २०१९मधल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात दिसलं, की दारूच्या पूर्ण आहारी गेलेल्या दर ३८ जणांमागे एकालाच कसला तरी उपचार मिळतो, आणि रुग्णालयात भरती होऊन उपचार मिळतो तो दर १८० जणांमागे एकाला. याचं एक कारण म्हणजे सरकारी सोय आहे हेच लोकांना ठाऊक नसतं.

महाराष्ट्रात चार प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत: ठाणे, पुणे, नागपूर आणि चौथं आपल्या रत्नागिरीत. “वेड्यांचं इस्पितळ” म्हणून लोक तिथे जायला कचरतात आणि त्याच आजारासाठी घाटावरच्या एखाद्या बंगल्यात महिन्याला हजारो रुपये भरतात. जिल्हा रुग्णालयात मनोविकारतज्ज्ञाचा बाह्यरुग्ण विभाग असतो. आता अलिबाग, रत्नागिरी आणि सिंधुदुर्गात ओरोसला शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं झाली आहेत. सावंतवाडी-दोडामार्गकडच्या लोकांना गोव्यातली बांबोळीची मनोविकार संस्था जवळ पडते. मात्र परराज्यातल्या रुग्णाला तिथे शुल्क किती, हे आधी विचारून निघा.

याशिवाय केंद्र सरकारच्या सामाजिक न्याय मंत्रालयाच्या अनुदानावर स्वयंसेवी संस्थांची पुनर्वसन केंद्रं चालतात. तिथला खर्च खाजगीच्या मानाने अगदी कमी असतो. काही सरकारी रुग्णालयांत व्यसनोपचार कक्ष आहेत, तिथे औषधं मोफत मिळतात. जवळचं ठिकाण कळण्यासाठी १४४४६ हा राष्ट्रीय व्यसनमुक्ती हेल्पलाइनचा निःशुल्क क्रमांक आहे. घरच्यांनाच धीर हवा असेल, रात्री काय करावं सुचत नसेल, तर १४४१६ हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा क्रमांक आहे, तिथे मराठीत बोलता येतं.

पुण्याचं मुक्तांगण १९८६पासून काम करतंय आणि कोकणातून तिथे जाणारे पुष्कळ. स्त्रियांसाठी तिथे वेगळा विभाग आहे. हे मुद्दाम सांगतो, कारण आपल्या गावांत पिणाऱ्या बाईचं नाव काढणंही पाप समजलं जातं आणि तिला उपचार मिळेपर्यंत यकृत गेलेलं असतं. बाईला कुठेही ठेवायचं तर स्वतंत्र कक्ष आणि रात्रपाळीला स्त्री कर्मचारी, या दोन गोष्टी डोळ्यांनी बघितल्याशिवाय ठेवू नका.

खाजगी केंद्र बघायला जाल तेव्हा

आधी स्वतः जा, रुग्णाला न घेता. केंद्र मनोविकार उपचार आस्थापना म्हणून राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे नोंदलेलं आहे का, ते विचारा आणि प्रमाणपत्र बघा. २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने दारू आणि अमली पदार्थांच्या गैरवापराशी निगडित मानसिक अवस्था मानसिक आजारात धरल्या आहेत. त्यामुळे या कायद्याचे सगळे हक्क तुमच्या माणसालाही मिळतात.

मग विचारा: मनोविकारतज्ज्ञ किती दिवसांनी येतो, त्याचं नाव काय, रात्री दोनला फिट आली तर कोण बघतं, जवळचं रुग्णालय किती लांब आहे? यावर “आमच्याकडे तसं कधी होत नाही” असं कुणी म्हणालं, तर त्यांनी एकतर गंभीर रुग्ण बघितलेले नाहीत, नाहीतर ते खोटं बोलतायत. समुपदेशक स्वतः व्यसनातून सुटलेला असेल तर चांगलंच, त्याचा अनुभव मोलाचा असतो. पण सगळं केंद्र फक्त सुटलेल्या माणसांवर चालत असेल आणि डॉक्टर केवळ कागदावर असेल, तर ते केंद्र नको.

परवानगी मिळाली तर स्वयंपाकघर बघा, संडास बघा आणि तिथल्या दोन रुग्णांशी मालकाच्या पाठीमागे बोला. डोकी भादरलेली दिसली, तर तिथूनच परत फिरा. सक्तीचं मुंडण कायद्याने बंद आहे. साखळीने बांधणं बंद आहे. स्वतःचे कपडे घालायचा हक्क आहे. काम करून घेतलं तर त्याचा मोबदला द्यावा लागतो. घरच्यांशी बोलायचा, भेटायचा हक्क आहे. “पहिले दोन महिने फोन नाही, भेट नाही” ही अट शिस्तीच्या नावाखाली सांगतात. अशा बंद दारामागे काय चालतं हे कुणालाच कळत नाही, म्हणून ती अट मान्य करू नका.

आता रुग्णाला घरून न्यायला येणाऱ्या गाडीबद्दल. काही केंद्रं “आम्ही घरून उचलून नेतो” म्हणतात. पहाटे चार दांडगे लोक येतात, माणसाला झोपेतून ओढून गाडीत कोंबतात आणि त्याचे वेगळे पैसे घेतात. हे करू नका. इच्छेविरुद्ध भरती करायची तर कायद्याने वाट ठरवून दिली आहे. त्या माणसाने स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करायची धमकी दिलेली, प्रयत्न केलेला किंवा हिंसक वागलेलं असावं, नाहीतर स्वतःची काळजीही घेता येणार नाही अशी त्याची स्थिती असावी. त्याच्या नामनिर्देशित प्रतिनिधीचा (त्याने लेखी नेमलेल्या, नाहीतर कायद्याने ठरलेल्या, बहुधा घरच्या माणसाचा) अर्ज लागतो. भरतीच्या दिवशी किंवा आधीच्या सात दिवसांत दोन तज्ज्ञांनी त्याला स्वतंत्रपणे तपासलेलं असावं लागतं आणि त्यांपैकी एक मनोविकारतज्ज्ञ असावाच लागतो. ही भरती तीस दिवसांपर्यंतच असते, पुढे न्यायची तर वेगळी प्रक्रिया आहे. भरतीची माहिती मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाला सात दिवसांत द्यावी लागते, रुग्ण स्त्री किंवा अल्पवयीन असेल तर तीन दिवसांत. छळ होत असेल तर तक्रारही याच मंडळाकडे करता येते आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळू शकतो.

कायदा बाजूला ठेवला तरी व्यवहार बघा. ज्याला फसवून, “चल, जरा बीपी तपासून येऊ” म्हणून नेलं, तो बाहेर आल्यावर घरच्यांवर विश्वास कसा ठेवेल? आणि तिसऱ्या टप्प्यात, वर्षभर, तुमच्याकडे त्याच्या विश्वासाखेरीज दुसरं काही नसतं. सकाळी, तो शुद्धीत असताना, त्याचं ऐकून घेणाऱ्या माणसाकडून विषय काढा. एकदा नाही म्हणाला तर आठवड्याने पुन्हा काढा. अंमली पदार्थाचं व्यसन असलेला माणूस पोलिसांच्या भीतीने येत नसेल, तर त्याला सांगा, की एनडीपीएस (अमली पदार्थविरोधी) कायद्याच्या कलम ६४अ प्रमाणे, थोड्या प्रमाणातल्या किंवा सेवनाच्या गुन्ह्यात, सरकारी किंवा मान्यताप्राप्त संस्थेत स्वतःहून उपचार घेऊन ते पूर्ण करणाऱ्या व्यसनीला खटल्यापासून संरक्षण मिळू शकतं.

हिशेब

आकडे समजण्यापुरते घेतो, तुमच्या केंद्राचे दर वेगळे असतील. समजा हर्णैच्या एका खलाशाच्या घराने दागिने ठेवून ५०,००० रुपये उभे केले. केंद्र म्हणतं, तीन महिन्यांचं पॅकेज घ्या, महिना १२,०००, प्रवेश शुल्क ५,००० आणि घरून न्यायचे ६,०००. झाले ४७,०००. हातात राहिले तीन हजार. तीन महिन्यांनी माणूस घरी येतो तेव्हा औषधाला पैसे नाहीत, कर्जाचं व्याज सुरू आणि किराणा उधारीवर. अशा घरात तो किती दिवस टिकणार?

दुसरी वाट. पहिले आठ दिवस सरकारी रुग्णालयात, सोबतच्या माणसाचं जाणं-येणं आणि जेवण मिळून ४,०००. मग बघून-पारखून निवडलेल्या केंद्रात एक महिना, प्रवेश शुल्कासह १७,०००. उरले २९,०००. त्यातले दर महिन्याला हजार, म्हणजे वर्षाचे १२,०००, डॉक्टरकडे जायच्या एसटीला आणि गोळ्यांना बाजूला काढायचे. शिल्लक १७,००० कमाई बंद असलेल्या दिवसांत घर चालवायला. पहिल्या हिशेबात सगळे पैसे भिंतींना गेले, दुसऱ्यात ते वर्षभर पुरले.

तीन महिने राहणं कुणालाच नको असं मी म्हणत नाही. ज्याला परत जायला घर नाही, ज्याच्या घरातच पिणं चालतं, जो अनेकदा उपचार घेऊन पुन्हा घसरलाय, त्याला लांबचा मुक्काम उपयोगी पडतो. पण तो निर्णय महिन्याच्या शेवटी डॉक्टरशी बोलून घ्या. आधीच तीन महिन्यांचे पैसे भरून ठेवू नका. माणूस मधेच परतला तर किती परत मिळतील, औषधं, रक्ताच्या तपासण्या आणि डॉक्टरांची भेट पॅकेजमध्ये धरली आहे का, हे लेखी घ्या. पावती नाही तर पैसे नाहीत.

आरोग्य विम्याचं थोडं गुंतागुंतीचं आहे. २०१७च्याच कायद्याने विमा कंपन्यांना मानसिक आजार शारीरिक आजाराप्रमाणेच धरायला सांगितलं. म्हणून नैराश्याच्या भरतीचा खर्च मिळू शकतो. पण बहुतेक पॉलिसींत वगळलेल्या गोष्टींच्या यादीत “एक्सक्ल १२” (Excl12) या कोडखाली दारू, अमली पदार्थ आणि इतर व्यसनांचे उपचार आणि त्यांचे परिणाम घातलेले असतात. तुमच्या पॉलिसीच्या कागदात हे कलम शोधा आणि भरतीआधी कंपनीकडून ईमेलवर उत्तर मागवा. दावा चुकीने नाकारला वाटत असेल तर आधी कंपनीच्या तक्रार विभागाकडे आणि मग विमा लोकपालाकडे जाता येतं, त्याला शुल्क लागत नाही. विमा घेतानाच दारूचं लपवलं तर मात्र पुढचे दावेही अडचणीत येतात. महात्मा फुले जन आरोग्य योजना किंवा आयुष्मान कार्ड असेल तर रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा, की या भरतीला योजना लागू होते का. हेही भरतीच्या आधीच विचारा.

घरी आल्यावर

कौलारू घराची शाकारणी एकदा करून भागत नाही, दर पावसाच्या तोंडावर कौलं चाळावी लागतात. व्यसनाचा पाठपुरावा असाच असतो. म्हणून केंद्राला शेवटचा आणि माझ्या मते सगळ्यांत मोठा प्रश्न हा: आमचा माणूस घरी गेल्यावर तुम्ही काय करता? पहिल्या महिन्यात दर आठवड्याला फोन, मग महिन्याला भेट, घरच्यांसाठी वेगळी बैठक, असं ठोस काही सांगत असतील तर ते केंद्र चांगलं. “कधीही या, दार उघडं आहे” एवढंच सांगत असतील तर त्यांच्याकडे पाठपुरावा नाही.

औषधं घरीही चालू राहतात. ओढ कमी करायला नॅल्ट्रेक्सोन किंवा अकॅम्प्रोसेट देतात. डायसल्फिराम घेणाऱ्याने दारू प्यायली तर चेहरा लाल होतो, उलट्या होतात, रक्तदाब कोसळू शकतो. ती गोळी चहा-आमटीतून चोरून द्यायची सर्रास पद्धत आहे, आणि “न कळता दारू सोडवणारी पावडर” विकणारेही फिरत असतात. पिणाऱ्याला माहीत नसताना हे देणं धोक्याचं आहे, जीवावर बेतू शकतं. गोळी त्याने स्वतः, तुमच्यासमोर, समजून घ्यायची असते.

अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस या दारू सोडणाऱ्यांच्याच गटाच्या सभा अनेक शहरांत मराठीत भरतात. त्यांना फी नाही, दारू सोडायची इच्छा एवढीच अट. घरच्यांसाठी अल-ॲनॉन आहे. गावात सभा नसेल तर फोनवरच्या आणि ऑनलाइन सभाही असतात.

भरतीची वेळही जमल्यास ठरवून घ्या. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, तेव्हा खलाशाची मजुरी बुडत नाही आणि रुग्णालयात राहता येतं. पण मग तो नारळी पौर्णिमेच्या सुमारास पुन्हा होडीवर चढतो आणि लगेच पुढे चाकरमानी गणपतीला येतात, बाटल्या घेऊन. मासेमारीच्या हंगामाआधी नाखवाशी बोलून ठेवा: उचल रोख हातात न देता बायकोच्या खात्यात जमा करायची, आणि होडीवर ज्या सोबत्यांबरोबर प्यायचा त्यांच्यापासून त्याला वेगळं ठेवता आलं तर ठेवायचं. शिमग्यात पालखीबरोबर फिरताना कोण सोबत असेल, हेही आधी ठरवा. बागायतीत आंब्याचा हिशेब मिळतो तो आठवडा असाच जोखमीचा.

आणि तरीही तो पुन्हा पिऊ शकतो. या आजारात ते होतं. त्याचा अर्थ सगळे पैसे पाण्यात गेले असा नाही. पहिला घोट आणि पूर्वीसारखं रोजचं पिणं यांच्यात काही दिवस असतात आणि तेच दिवस हाताशी असतात. आरडाओरडा न करता त्याच दिवशी डॉक्टरला किंवा समुपदेशकाला फोन करा. पुन्हा पूर्ण पॅकेज लागत नाही, बऱ्याचदा चार-पाच दिवसांची भरती आणि बदललेल्या गोळ्या पुरतात. गर्दच्या बाबतीत मात्र एक गोष्ट त्याला बाहेर पडायच्या दिवशीच स्पष्ट सांगा: काही आठवडे सोडल्यावर शरीराची सवय गेलेली असते, आणि पूर्वीइतकीच मात्रा एकदम घेतली तर श्वास थांबू शकतो. तसं झालं तर कोण काय म्हणेल याचा विचार न करता १०८ला फोन लावा, आणि काय घेतलंय ते डॉक्टरला लपवू नका.